सेसिलियाबाईंच्या अंगणातला क्रूस

१

मृणाल ओव्हाळच्या घरावर चोरीचा आळ आला तो ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे.

फोन व्हॅलेरी परेराचा होता. डोंबिवलीत केकचे क्लास घेणारी ही बाई एरवी फार गोड बोलायची. आज तिनं गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही. माजिवड्याच्या गावठाणात तिच्या आत्याचं, सेसिलियाबाईंचं घर होतं. त्या घराच्या अंगणातला क्रूस नाहीसा झाला होता. माणसाएवढा उंच, जुन्या सागवानाचा, आजोबा-पणजोबांच्या काळापासून ओट्यावर उभा असलेला क्रूस. आता नुसता ओटा राहिला होता.

“तुमच्या मिस्टरांना सांगा, आमचा क्रूस आणून द्या,” व्हॅलेरी म्हणाली. “मी पोलिसात जाणार नाही. पण पुढच्या सोमवारपर्यंत तो जागेवर दिसला नाही, तर कोर्टात माझी हरकत येणार.”

मृणालची पोळी तव्यावरच करपली.

हे घर ओव्हाळ विकत घेत होते. म्हणजे वर्षभर ‘घेत होते’, घेऊन काही होत नव्हतं. सेसिलियाबाई वारल्या, तेव्हा त्यांचं मृत्युपत्र निघालं: घर विकावं, भाचीला आणि पुतण्याला अर्धं अर्धं द्यावं. भाची ही व्हॅलेरी. पुतण्या झेवियर, कल्याणच्या शाळेत गणित शिकवणारा. मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी त्याच्यावर. मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, म्हणजे प्रोबेट, कायद्यानं लागतोच असं नव्हतं. पण कर्ज देणारी बँक त्यावर अडून बसली. ‘प्रोबेट’ हा शब्द ऐकून आधीची गिऱ्हाइकं पळाली. ओव्हाळ तेवढे चिकटून राहिले.

त्यांना चिकटून राहणं भागच होतं. ठाकुर्लीतल्या त्यांच्या इमारतीला लोखंडी टेकू लागले होते आणि पावसाळ्याआधी घरं रिकामी करा, अशी नोटीस जिन्यात लटकत होती. मृणालचे वडील चांगदेव, सगळ्यांचे अण्णा, यांची अर्धी बाजू लुळी पडलेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्याखेरीज अण्णा खाली उतरत नसत. माजिवड्याचं घर बैठं होतं, पुढे अंगण होतं. तिथे ते रोज दाराबाहेर बसू शकले असते. मृणालला त्या घराकडून दुसरं काहीच नको होतं.

आजवर कोणाची हरकत आली नव्हती. सोमवारची तारीख गेली की शिक्का मिळणार होता. हरकत आली, तर पुढची काही वर्षं वकिलांची.

२

मृणाल एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम करायची. चोरी, आग, अपघात. लोक काय काय सांगतात, ते ऐकायची. तिथे ती एक गोष्ट शिकली होती. वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती बाहेर कशी पडली, हे विचारावं. आणि जबाब घ्यायचा तर घरापासून घ्यावा.

म्हणून तिनं पहिला जबाब नवऱ्याचा घेतला. महेंद्र एवढा चिडला, की चहा अर्धा टाकून उठला. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी तो गवंड्याला घेऊन त्या अंगणात गेला होता, हे खरं. अण्णांच्या चाकाच्या खुर्चीसाठी फाटकापासून दारापर्यंत उतार कसा काढता येईल, ते मापायला. क्रुसाशेजारी टेप धरून उभाही राहिला होता, कारण वाट तिथूनच जात होती. “क्रूस मी कशाला उचलू? आणि उचलून नेऊ कुठे, तिसऱ्या मजल्यावर?” तो म्हणाला.

मृणालला हे पटलं. नवरा म्हणून नव्हे, तर्क म्हणून.

फाटकाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: झेवियरकडे, शेजारच्या ऑलिव्हरकाकांकडे आणि कमलेश दलालाकडे. घराच्या कुलपाची किल्ली मात्र एकट्या झेवियरकडे. कोर्टाचं होईपर्यंत आतली काडीही हलणार नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं, आणि तो हे सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवायचा, की पोरं त्याची नक्कल करायची.

संशय घ्यायचा तर आधी कमलेशचा घ्यावा, असं कोणीही म्हटलं असतं. मृणालनं त्याला माजिवड्याच्या नाक्यावर गाठलं. त्या गल्लीवर एका बिल्डरचा डोळा होता आणि तो बिल्डरही कमलेशचंच गिऱ्हाईक होता. व्यवहार मोडला तर कमलेशला दलाली जास्त मिळणार होती. हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं, हसत हसत.

“पण मॅडम, धंद्यात देवाला हात नाय लावत आपण,” तो म्हणाला. “त्या दिवशी साहेबांना फाटक उघडून दिलं, टपरीवर जाऊन बसलो. नंतर झेवियर सरांचा फोन आलेला, पार्टी काय बोलते म्हणून. मी एवढंच बोललो, की पार्टी क्रुसाजवळ टेप लावून बघत होती. बस्स. एवढ्यात काय चुकलं माझं?”

त्याचं काय चुकलं, ते मृणालला तेव्हा सांगता आलं नसतं. वाक्य मात्र तिच्या डोक्यात राहिलं.

३

ऑलिव्हरकाका फर्नांडिस घरासमोर खुर्ची टाकून उजव्या खांद्याला मलम चोळत बसले होते. सत्तरी ओलांडलेला, भरघोस मिशांचा माणूस. मृणालला पाहून त्यांनी तोंड फिरवलं, आणि मग जनाची नसली तरी मनाची लाज वाटून खुर्ची पुढे केली.

“बाय, तुझ्यावर माझा राग नाय,” ते म्हणाले. “पण तुझा नवरा तिथं टेप घेऊन उभा होता, तो मी बघितला. मना जे दिसलं ते मी व्हॅलेरीला सांगितलं.”

मृणालनं वाद घातला नाही. क्रूस शेवटचा कधी पाहिला, एवढंच विचारलं. काकांनी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आणलेली झावळीची पात त्याच्या आडव्या लाकडाच्या चिरेत खोचली होती, दरवर्षीसारखी. गुरुवारी दुपारपर्यंत क्रूस होता. मग चर्चची धामधूम सुरू झाली. ईस्टरला फुलं वाहायला गेले, तर ओटा मोकळा.

काकांनी फाटक उघडलं. मृणाल ओट्याजवळ वाकली. क्रूस उपटलेला नव्हता. लोखंडी खाचेत तो चार बोल्टांनी बसवला होता आणि चारही बोल्ट व्यवस्थित काढून तिथेच एका रांगेत ठेवले होते. ओटा धुतलेला होता. चोर एवढा टापटिपीचा असतो, हे तिला नवीन होतं.

घराला कुलूप होतं. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून तिनं आत पाहिलं. वर्षभरापूर्वी झेवियरनं घर दाखवलं होतं, तेव्हाचंच सगळं सामान, चादरी पांघरलेलं. दाराजवळच्या टेबलावर फक्त एक लाल काचेचा छोटा दिवा दिसला. तो तेव्हा तिथे होता का, हे तिला आठवेना. काकांना विचारावं, तर ते म्हणाले, मोतीबिंदू झालाय, खिडकीतून मना पडदासुद्धा दिसत नाय.

निघताना तिनं खांद्याला काय झालं, ते विचारलं.

“वय झालं, दुसरं काय. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट असते. खालच्या विहिरीपासून निघून चर्चपर्यंत, आळीपाळीनं खांदा देत जायचं. शेवटचा टप्पा माझा, तीस-चाळीस वर्षं झाली. कधी काय जाणवलं नाय. या वर्षी चर्चच्या पायरीवर गुडघेच बसले. पुढच्या वर्षी नाय जमायचं मना.”

ते सांगताना त्यांचा आवाज जरा हलला, आणि मृणालनं विषय बदलला. तिथेच ती एक मोठी गोष्ट जवळजवळ हुकवून बसली.

४

व्हॅलेरीनं डोंबिवलीच्या घरी तिला दारातच उभं ठेवलं असतं. पण आत क्लासच्या बायका होत्या, त्यांच्यासमोर शोभा नको म्हणून स्वयंपाकघरात नेलं. ओव्हन चालू होता. लहानपणी मे महिन्यात त्या क्रुसापुढे सगळी गल्ली रोझरीची प्रार्थना म्हणायला जमायची, आत्या शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायची, हे सांगताना व्हॅलेरीचे डोळे भरून आले. घर विकायला तिची ना नव्हती. क्रूस चोरीला जाणं मात्र तिला आत्या दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटत होतं.

मृणालला तिचा राग येईना. आळ खोटा होता, पण दुःख खरं होतं.

व्हॅलेरीनं आपल्या परीनं तपासही केला होता. गल्लीला तोंड एकच, दुसऱ्या टोकाला विहीर आणि नाल्याची भिंत. तोंडाशी मंडळानं कॅमेरा बसवलेला. आठवड्याचं सगळं चित्रण तिनं बसून पाहिलं होतं. टेम्पो नाही, हातगाडी नाही, झाकलेलं, गुंडाळलेलं, लांबलचक काही कोणी नेलेलं नाही. आपलीच माणसं, गुरुवारची प्रार्थना, शुक्रवारची मिरवणूक, शनिवारची रात्र, बाकी काही नाही.

“मग तो गेला कुठून?” मृणालनं विचारलं.

“तेच तर म्हणते मी. आतल्या आत तुकडे करून पिशव्यांतून नेला असणार. सागवानाला भाव येतो. आणि त्यावरचा दिवापण नेला मेल्यांनी. लाल काचेचा. आत्या रोज संध्याकाळी लावायची.”

मृणालनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तो लाल दिवा कुलपाच्या आत, टेबलावर सुरक्षित बसला होता, आणि कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे होती.

५

झेवियर! ठाकुर्लीला परत येताना तिनं तीनतीनदा उलटसुलट विचार केला. कमलेशकडे घराची किल्ली नव्हती. ऑलिव्हरकाकांकडे नव्हती. व्हॅलेरीकडे तर फाटकाचीही नव्हती. क्रूस काढताना काच फुटू नये म्हणून कोणीतरी दिवा आधी उतरवला आणि आत नेऊन ठेवला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

पण शेत खाऊन कुंपणाला मिळालं काय? घर विकलं जावं म्हणून वर्षभर कोर्टाचे उंबरे झिजवणारा हाच माणूस. व्यवहार मोडेल असं काम त्यानं का करावं? आणि मुळात, एवढा क्रूस कॅमेऱ्यासमोरून नेला कसा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला जिन्यात मिळालं. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब घर सोडून चाललं होतं. दोघेजण कपाट उतरवत होते आणि एकजण ओरडत होता, “खांदा बदल, खांदा बदल.” मृणाल तिथेच थांबली. खांदा. क्रूस न्यायचा असेल तर वर्षातला एक दिवस असा असतो, की तो भर रस्त्यातून, साऱ्या गावाच्या देखत, गाणी म्हणत नेता येतो. व्हॅलेरीनं चित्रणात झाकलेली वस्तू शोधली. उघड्या वस्तूकडे कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ऑलिव्हरकाकांकडे गेली आणि तिनं मिरवणुकीचे फोटो आहेत का, म्हणून विचारलं. काकांनी मोबाइल काढला. फोटोत ते वाकलेले, खांद्यावर क्रूस, त्यावर जांभळा कपडा. मृणालनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. कपडा एका बाजूला सरकला होता आणि आडव्या लाकडाच्या चिरेतून हिरव्या पातीचं टोक बाहेर डोकावत होतं.

“काका, ही पात कोणी खोचली?”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल नाकाला लावला. चर्चचा मिरवणुकीचा क्रूस आतून पोकळ असतो, पोरंही उचलतात. या वर्षीची सगळी व्यवस्था झेवियरनं अंगावर घेतली होती. विहिरीपाशी क्रूस आणून, कपडा बांधून त्यानंच ठेवला होता. खांद्यावर घेतलेला क्रूस कोणी निरखत नाही, पुढच्याच्या टाचा बघत चालतो.

“म्हणजे बाय, तो मीच उचलून नेला?”

दोघं तसेच चर्चच्या मागच्या खोलीकडे गेले. मेणबत्त्यांची स्टँडं, जुने बाक, नाताळच्या गव्हाणीची खोकी. भिंतीला टेकून दोन क्रूस उभे होते, एक हलका आणि एक सागवानाचा, चिरेत वाळत चाललेली पात. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा. काकांनी लाकडावर हात ठेवला आणि मग तोच हात कपाळाला लावला.

राहिला होता एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर फक्त झेवियरकडे होतं.

६

शनिवारी संध्याकाळी झेवियर टेकूंमधून वाट काढत तिसऱ्या मजल्यावर आला. बारीक, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. व्यवहाराचं बोलायचं आहे, असं मृणालनं सांगितलं होतं. महेंद्र भिंतीला टेकून उभा होता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि अण्णा खाटेवर पडून होते.

मृणालनं गोल गोल बोलण्यात वेळ घालवला नाही. बोल्ट, दिवा, पात, मागची खोली, सगळं एकामागून एक सांगितलं. झेवियरनं एकदाही नाही म्हटलं नाही. तो फक्त घाम पुसत राहिला.

“आता हे सांगा, का केलंत?”

“तुमच्यासाठी केलं, मॅडम.”

महेंद्र पुढे सरकला. मृणालनं त्याला हातानं थांबवलं.

“कमलेश म्हणाला, मिस्टर ओव्हाळ क्रुसाजवळ टेप लावून उभे होते,” झेवियर म्हणाला. “मला वाटलं, मी समजलो. तुम्ही बौद्ध माणसं, दारात आमचा क्रूस तुम्हाला कशाला हवा? पण तुम्ही सभ्य आहात, तोंडानं कधी बोलणार नाही. गुपचूप दुसरं घर बघाल. एवढं थांबलेली माणसं आम्हाला परत मिळणार नव्हती, मग बिल्डरच आला असता. म्हटलं, आपणच काढून घ्यावा. शुक्रवारी खांद्यावरून गेला तर मानानं जाईल, अपमान होणार नाही. फादर सुट्टीवरून आले की चर्चच्या आवारात बसवणार होतो. व्हॅलेरीलाही सांगणार होतो. पण तिनं आधी चोरी म्हणून बोंब मारली आणि तुमचं नाव घेतलं. मी कोर्टाला लिहून दिलंय, काही हलवणार नाही म्हणून. मी घाबरलो.”

“आणि माझं नाव तसंच राहू दिलंत,” महेंद्र म्हणाला.

झेवियरनं मान खाली घातली. टेप कशासाठी होती, ते महेंद्रनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. झेवियरनं आतल्या दाराकडे पाहिलं, चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला. मृणालला वाटलं होतं, कोडं सुटल्यावर बरं वाटेल. तिला काहीच बरं वाटत नव्हतं.

“सर, जरा आत या,” अण्णांची हाक आली.

झेवियर आत जाऊन उभा राहिला.

“मी रेल्वेच्या लोकोशेडला लागलो, तेव्हा कल्याणला एक खोली मिळालेली,” अण्णा म्हणाले. जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. “घरमालकीण भली बाई. आम्ही सामान आणलं, त्याच दिवशी तिनं गॅलरीतली तुळस उचलून गच्चीवर नेली. म्हणाली, तुम्हाला अडचण नको. आम्ही तिथं चार वर्षं राहिलो. आजारपणात तिनं डबे दिले. वाईट शब्द बोलली नाही कधी. पण तुळस काही खाली आली नाही.”

झेवियर ऐकत होता.

“मी तुमचा देव मानत नाही, तिचाही मानत नव्हतो. पण मी येतो म्हणून देव उचलायची ही दुसरी वेळ, सर. दोन्ही वेळा चांगल्या माणसांनीच उचलला.”

मृणालनं ही तुळशीची गोष्ट आयुष्यात कधी ऐकली नव्हती. इतक्या वर्षांत अण्णांनी ती कोणाला सांगितलीच नव्हती, आणि हे कळल्यावर तिला रडू आवरेना.

झेवियर काहीतरी बोलायला गेला. अण्णांनी चांगला हात वर केला.

“घर घ्यायचं का नाही, ते मी आज सांगत नाही. आधी तो क्रूस जागेवर लावा, आणि कोणी काढला ते सगळ्यांसमोर सांगा. मग मी घर बघायला येईन. पोरीनं वर्षभर वाट बघितली, पण मी ते अजून पाहिलेलं नाही.”

कोर्टात हे उलटलं तर मृत्युपत्राची आपली जबाबदारी काढून घेतली जाईल, हे झेवियरला कळत होतं. व्हॅलेरी हरकत घेईल, हेही कळत होतं. तरी त्यानं मृणालसमोरच फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलला, “व्हॅल, क्रूस मी काढला.”

पलीकडून फोन बंद झाला.

७

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर गल्लीत माणसं जमली. व्हॅलेरी येईल का, कोणालाच ठाऊक नव्हतं. झेवियर, महेंद्र आणि गावठाणातले दोघेजण क्रूस खांद्यावर घेऊन आले. ऑलिव्हरकाकांना खांदा द्यायचा होता, पण त्यांना कोणी देऊ दिला नाही, तेव्हा ते पुढे चालत वाट मोकळी करत राहिले.

बोल्ट बसले. झेवियरनं आतून लाल दिवा आणून टांगला, आणि मग सगळ्यांकडे तोंड करून जे होतं ते सांगितलं, महेंद्रचं नाव घेऊन, स्वतःचं नाव घेऊन. मागे फाटकाशी व्हॅलेरी येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती झेवियरशी बोलली नाही. सरळ महेंद्रपुढे गेली.

“मी तुम्हाला चोर म्हटलं,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

महेंद्र हो म्हणाला आणि लगेच असू द्या म्हणाला.

“उद्या कोर्टात?” मृणालनं विचारलं.

“उद्या मी जाणार आहे,” व्हॅलेरी म्हणाली. “यानं जे केलं ते यानंच जजसाहेबांना सांगायचं, मी शेजारी उभी राहून ऐकणार. हरकत नाही घेणार माझी. पण घर घेणार की नाही, ते आता तुमच्या अण्णांनी ठरवायचं ना?”

सगळ्यांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. अण्णांना घेऊन आलेली रिक्षा आत येत नव्हती. दोघांनी त्यांना उतरवून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. मृणाल तिकडे धावली आणि खुर्ची ढकलत आणू लागली. फाटकाजवळ वाट अरुंद होती, तिथे खुर्ची क्रुसाच्या ओट्याला घासून जरा अडकली. झेवियर पटकन पुढे झाला, आणि ओट्याकडे बघून जागच्या जागी थांबला. मग त्यानं वाकून खुर्चीचं चाक तेवढं उचललं आणि वळवून दिलं.

अण्णा अंगणात आले. दाराबाहेर सावली होती, तिथे खुर्ची लावा म्हणाले. बराच वेळ ते इकडेतिकडे बघत राहिले, आणि कोणी त्यांच्यासाठी काही हलवलं नाही. मग त्यांनी झेवियरला जवळ बोलावलं.

“सर,” ते म्हणाले, “उद्या जजसाहेबांना सांगा, घेणारे तयार आहेत.”